थेंबापाशी निर्मलाबाई

निर्मलाबाई कुठलंही पाणी फेकण्याआधी ते उजेडात धरून पाहायच्या. कूलरच्या टाकीतलं, फुलदाणीतलं, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलंसुद्धा. काचेच्या भांड्यात थोडं घ्यायचं, खिडकीशी जायचं, एक डोळा मिटायचा, भांडं किंचित फिरवायचं आणि मग ठरवायचं, हे मोरीत जाणार की बरणीत. कॉलेजात नव्याने आलेल्याला वाटायचं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. खरं तर उलट होतं. स्वच्छ पाण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. प्रॅक्टिकल संपलं होतं, पुढच्या तासाची घंटा झाली होती. टेबलावरचं एक बीकर उचलून मी बेसिनमध्ये रिकामं करणार, तोच मागून आवाज आला, "थांबा मॅडम! फेकू नोका. त्याच्यात बायंतीन आहे."

मी दचकून वळले. पदर खोचलेली, पन्नाशी उलटलेली, ठेंगणी बाई हातातला झाडू भिंतीला टेकवून माझ्याकडे येत होती. तिने माझ्या हातातलं बीकर काढून घेतलं, ड्रॉपरने त्यातलं काहीतरी टिपलं, स्लाइडवर सोडलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. "पाहा."

मी पाहिलं. पाणपिसू होती. डॅफ्निया. तिची आकृती मी परीक्षेत किती वेळा काढली असेल, गणती नाही. पण माझ्या सगळ्या पाणपिसवा औषधात मेलेल्या, रंग दिलेल्या, काचेत चिकटवलेल्या. ही जिवंत होती. काचेसारख्या अंगातून तिचं काळीज धडधडताना दिसत होतं आणि पाठीवरच्या पिशवीत चार-पाच पिल्लं वळवळत होती, प्रत्येकाला काळ्या ठिपक्यासारखा एकच डोळा.

"काल नुसते अंडे होते," मागून बाई म्हणाल्या. "संध्याकाळपावतर मोकळी होते ते. मंग फेका."

पुढच्या तासाला मी दहा मिनिटं उशिरा पोचले.

निर्मलाबाई मडावी प्रयोगशाळेत परिचर होत्या. हजेरीपटावर नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या 'मावशी'. माहेर कारंजा घाडगेजवळच्या एका गावातलं, गोंड कुटुंबातलं. भावाशी फोनवर त्या गोंडीत बोलायच्या आणि मध्येच कोणी आलं की मराठीत यायच्या. नवरा याच कॉलेजात परिचर होता. तो गेला तेव्हा मुलगी सात वर्षांची. त्याच्या जागेवर या लागल्या आणि नालवाडीच्या दोन खोल्यांत मायलेकींनी संसार केला.

सूक्ष्मदर्शकाचा नाद कसा लागला, असं मी एकदा विचारलं. "लागन नाई त काय होईन?" त्या म्हणाल्या. "रोज पंधरा पंधरा मशिनी पुसायच्या. पुसता पुसता पाह्यलं. मंग पाहासाठीच पुसू लागली."

फोटोंचं वेड नंतरचं. मुलीने नवा मोबाइल घेतला आणि काच तडकलेला जुना आईला दिला. त्याचा कॅमेरा त्यांनी एके दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला टेकवला. हात हलायचा, म्हणून पुठ्ठ्याची नळी करून ती मोबाइलला चिकटपट्टीने बसवली. पाण्यातला जीव काचेखाली चिरडू नये म्हणून वर ठेवायच्या पातळ काचेच्या, कव्हरस्लिपच्या, चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचा ठिपका. तो पळू नये म्हणून थेंबात कापसाचे दोन तंतू, त्यांच्या कुंपणात तो आपोआप थबकतो. आणि स्लाइडच्या खाली, उजेड येतो त्या भिंगाखाली रुपयाएवढा काळा कागद गोल कापून ठेवला, की मागचं सगळं काळं होतं आणि जीव तेवढा चांदण्यासारखा उजळतो. यातलं त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. चुकत चुकत, एकेक जीव मारत त्या शिकल्या होत्या, आणि मेलेल्या प्रत्येकाबद्दल त्यांना वाईट वाटायचं. "फोटो झाला का त्याले घरी सोडून द्यायचं," हा त्यांचा नियम. घर म्हणजे खिडकीतली बरणी.

पाणी त्या नालवाडीच्या बाजूच्या एका बंद पडलेल्या मुरमाच्या खदानीतून आणत. येता-जाता पिशवीत एक बाटली असायचीच. हायड्रा हवा असेल तर थंडीत, पाण्यातल्या काडीला चिकटलेला. शिंपल्यात बसलेले मुगाएवढेसुद्धा नसलेले जीव हवे तर तळाच्या गाळातून. शास्त्रीय नावं त्यांना ठाऊक नव्हती. तोंडाशी केसांची दोन चक्रं फिरवणारा रोटिफर त्यांच्या लेखी 'चक्कीवाली'. शेवाळात रांगणारा, आठ आखूड पायांचा जलअस्वल म्हणजे 'लोड'. मी खरं नाव सांगितलं की त्या ते दोनदा म्हणून पाहायच्या आणि म्हणायच्या, "हे कागदावरचं नाव झालं. घरचं नाव लोडच."

माझे ते दिवस थकव्याचे होते. सकाळी सातला पहिला तास, मग प्रॅक्टिकलच्या तीन तुकड्या, मग तपासायचे गठ्ठे. दरवर्षी जूनमध्ये पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलेल्यांची यादी लागायची आणि तीत आपलं नाव आहे की नाही हे भिंतीपाशी जाऊन वाचायचं. एका फेब्रुवारीत, तिसरी तुकडी गेल्यावर, मी स्टुलावर बसले आणि उठवेना. रडूही येईना. निर्मलाबाई टेबलं पुसत होत्या. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, एक स्लाइड लावली आणि म्हणाल्या, "या, इथं बसा. पाच मिनिटं कोनाच्या मॅडम नोका राहू."

एक चक्कीवाली काडीला शेपटी रोवून आपली चक्रं फिरवत होती. पाण्यातला बारीक चुरा गरगरत तिच्या तोंडाशी येत होता. किती वेळ पाहत होते, कळलं नाही. मग बाई आपल्या सुजलेल्या घोट्यांवर हात फिरवत म्हणाल्या, "मलेबी हेच होते. दिवसभर पाय ठणकतात. डोया इथं लावला का पाय कोना दुसऱ्याचे होते."

तेव्हापासून शनिवारी दुपारी आम्ही दोघी तासभर बसायचो. मोबाइल भरला की त्यांचे फोटो मी माझ्या संगणकात उतरवून ठेवायचे. तीन-चार वर्षांत शेकड्यांनी जमले. त्यांतले वीस-बावीस असे होते, की मी छापील पुस्तकातही तसे पाहिले नव्हते. पिल्लं सोडणारी पाणपिसू. आपल्याच अंगाला फुटलेल्या कोंबासकट डुलणारा हायड्रा. चक्कीवालीच्या पोटात दिसणारा हिरवा घास.

मग कॉलेजात तपासणीची समिती येणार असं ठरलं. दोन महिने सगळी इमारत रंगाच्या वासाने भरून गेली. आमचे विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, रोज नवा तक्ता भरून कातावलेले. विभागाचं म्हणून दाखवावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. एके दिवशी माझ्या संगणकावर त्यांनी ते फोटो पाहिले आणि खुर्चीच ओढून बसले.

"हे तुम्ही काढले?"

"नाही सर. मावशींनी."

त्यांनी पुढचे दोन फोटो पाहिले. मग म्हणाले, "हे मोठे छापून व्हरांड्यात लावू. पण नाव मावशीचं कसं टाकणार? समिती विचारेल, परिचर सूक्ष्मदर्शक हाताळतात का? तुमचे प्राध्यापक मग काय करतात? तुमचं टाकू. तुम्हालाही जूनमध्ये बरं पडेल."

मी 'नको' म्हणाले नाही. आज आठवतं तेव्हा वाटतं, निदान विचार तरी केला असता. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की चला, एक काम संपलं. थकलेल्या माणसाला संपलेलं काम फार गोड लागतं. निर्मलाबाईंना मी काही सांगितलं नाही. वेळच मिळाला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे पुढच्या दोन शनिवारी मी मुद्दाम लवकर घरी गेले.

समिती आली. व्हरांड्यात काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेले ते जीव हातभर मोठे होऊन टांगले होते. खाली पाटी: मार्गदर्शन, विभागप्रमुखांचं नाव, छायाचित्रण, माझं. समितीतल्या एक बाई थबकल्या. त्यांना खरंच आवडलं होतं. "ही पार्श्वभूमी इतकी काळी कशी आली?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगू लागले. गोल काळा कागद. व्हॅसलिनचे ठिपके. मग म्हणाले, "आणि जीव पळू नये म्हणून थेंबात चिमूटभर कापूस पिंजून टाकायचा." सांगता सांगता मान वळली, तर चार पावलांवर निर्मलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. नवी साडी नेसल्या होत्या. त्यांची नजर पाटीवर होती. मराठी त्यांना माझ्याइतकंच वाचता येत होतं.

समितीच्या बाईंनी ट्रेमधला कप उचलला, "छान काम आहे हं तुमचं," असं मला म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच उरलो. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होते. कप धुता धुता निर्मलाबाई म्हणाल्या, "बरोबर सांगितलं मॅडम तुमी. फक्त कापूस चुकला. चिमूटभर नाई लागत. दोन तंतू. चिमूटभर टाकला त मरते ते."

एवढंच. त्यानंतर त्यांनी माझं एकही काम अडवलं नाही. प्रॅक्टिकलला पाणी वेळेवर, स्लाइडी पुसलेल्या, हायड्रा तयार. पण "या, इथं बसा" असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. शनिवारी मी रेंगाळले, तर त्या झाडू घ्यायच्या.

महिनाभराने मी नालवाडीला त्यांच्या घरी गेले. वाटेत चार वाक्यं घोकली होती. मुलीने चहा केला आणि ती आत गेली. मी घोकलेलं म्हणाले. चुकलं, भीती वाटली, जूनची यादी, सरांना नाही म्हणवलं नाही. त्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या.

"मले राग नाई आला मॅडम," त्या म्हणाल्या. "येईन येईन म्हनून मीनंबी वाट पाह्यली. नाई आला. दमली मी. राग कराले बी ताकद लागते."

"मग तुम्ही मला बोलवत का नाही?"

"कायले बोलावू? तुमी माह्या बाजूले बसून पाहे, तवा मले वाटे, दोघी पाहून राह्यलो. आता वाटते, मी दाखवून राह्यली अन् तुमी घेऊन राह्यल्या."

चहा पिऊन मी निघाले.

जूनच्या यादीत माझं नाव होतं. सरांनी शब्द पाळला होता.

त्यानंतरच्या वर्षी निर्मलाबाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेतच छोटा निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, समोसे. विभागप्रमुख चांगलं बोलले. मावशींच्या हातून इतक्या वर्षांत एक स्लाइड फुटली नाही, म्हणाले. मग माझी पाळी आली. मी कागदावर काही लिहून नेलं नव्हतं. उभी राहिले आणि म्हणाले, "बाहेर व्हरांड्यात जे फोटो लावले आहेत, ते सगळे निर्मलाबाईंनी काढलेत. त्यातला एकही मी काढलेला नाही. खाली माझं नाव आहे ते खोटं आहे. मला ते माहीत होतं आणि मी गप्प राहिले."

कोणी तरी एकाने टाळी वाजवली आणि एकटाच पडल्याने थांबवली. सरांनी घड्याळ पाहिलं. प्राचार्यांनी समोशाची बशी खाली ठेवली. निर्मलाबाई मान खाली घालून शालीच्या काठावरचा धागा ओढत बसल्या होत्या. शेवटी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर उठून हात जोडले आणि म्हणाल्या, "खिडकीतल्या बरण्या फेकू नोका. तीनच आहेत." आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात पाहिलं, तर भिंत मोकळी होती. पाटी बदलण्यापेक्षा फोटो काढून टाकणं सोपं गेलं असावं. बरण्या मी घरी आणल्या. त्या वर्षी जूनच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी कारण विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पुढे सिंदी मेघेत, घराजवळच, एका शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं. तेच अजून करते आहे.

निर्मलाबाई मुलीचं लग्न लावून कारंज्याकडे भावाच्या गावी राहायला गेल्या. आई अंथरुणाला खिळली होती. भावजय शेतावर, मजुरीला. आईचं उठवणं-बसवणं, सहा माणसांच्या भाकरी, दोन शेळ्या, सगळं यांच्यावर आलं. फोन कधीतरी लागायचा. "कसं चाललंय?" विचारलं की म्हणायच्या, "चालून राह्यलं. मी मातर बसून राह्यली का झोपून जातो."

मी एक विद्यार्थ्यांचा छोटा सूक्ष्मदर्शक मिळवला आणि डिसेंबरातल्या एका रविवारी एसटीने कारंजा गाठलं. तिथून आत ऑटो. अंगणात बाजेवर टेकवलेल्या आईचे केस त्या विंचरत बसल्या होत्या. केवढ्या वाळल्या होत्या. मला पाहून उठल्या, हात पुसले, "आल्या मॅडम" म्हणाल्या, जसं काही मी रोजच येत होते. ती आमची शेवटची भेट ठरेल असं तेव्हा दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही. एप्रिलच्या उन्हात, सकाळी पाणी भरून आल्यावर, त्या ओट्यावर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. मुलीचा फोन मला मधल्या सुट्टीत आला. त्यानंतर सातवीचा तास होता. तो मी घेतला.

पण त्या रविवारी त्या होत्या आणि समोर सूक्ष्मदर्शकाचं खोकं होतं. त्यांनी आधी भिंग पुसलं. मग शेळ्यांच्या कुंडीतलं थेंबभर पाणी घेतलं, आरसा उन्हाकडे फिरवला आणि डोळा लावला. आई बाजेवरून काहीतरी गोंडीत विचारत होती, त्याला यांनी न पाहताच उत्तर दिलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"आहेत. जित्ते आहेत." त्यांनी डोळा काढला. चेहरा जरा उमलला होता.

"फोटो काढता?"

"नाई. पाह्यलं, झालं. आता दाखवासाठी नाई पाह्यत मी." मग मला वाईट वाटलं असेल म्हणून की काय, म्हणाल्या, "मशीन चांगली आहे. ठेवतो मी. दुपारी माय झोपली का पाह्यत जाईन."

जेवायला त्यांनी तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती. जेवणानंतर महामार्गापर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. एसटी लवकर येईना. ट्रकमागून ट्रक जात होते. इतक्या दिवसांत जे मला हवं होतं, ते मी तिथे मागितलं. सरळ मागायची हिंमत नव्हती, म्हणून म्हणाले, "निर्मलाबाई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. नोकरी गेली, पण सांगितलं."

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "मलेबी बरं वाटलं. पोरीले सांगितलं मी घरी जाऊन."

एक ट्रक धूळ उडवत गेला. त्यांनी पदर नाकाला लावला, धूळ बसेपर्यंत थांबल्या आणि मग रस्त्याकडेच पाहत म्हणाल्या, "पन खरं त आधीबी होतं ना, मॅडम. मी चहा घेऊन उभी होती, तवाबी होतं."

आवाजात राग नव्हता. वेळ विचारावी तशा त्या बोलल्या होत्या. मी 'हो' म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी माझी पिशवी माझ्या खांद्यावर नीट चढवली. एसटी आली. हात करून त्यांनीच ती थांबवली. "चढा. पुढं जागा आहे. अन् पुन्हा येजा."

मी चढले. दारात कंडक्टर, मध्ये माणसं, त्यातून वाट काढत जागेवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. खिडकीतून वळून पाहिलं, तेव्हा त्या पाठमोऱ्या, पाय किंचित ओढत, गावाच्या रस्त्याला लागल्या होत्या. आईला उठवायची वेळ झाली होती.